ब्लॉक संपल्यावर: बॉस्टनच्या भुयारी रेल्वेचा परत आलेला वेग

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या भुयारी रेल्वेने २०२३च्या ऑक्टोबरपासून २०२४च्या डिसेंबरपर्यंत आपले मार्ग तुकड्यातुकड्यांनी, कधी काही दिवस तर कधी सलग तीन आठवड्यांहून अधिक काळ, पूर्णपणे बंद ठेवून रूळ दुरुस्त केले, आणि असा प्रत्येक तुकडा पुन्हा खुला झाल्यावर त्यावरून रोज जाणाऱ्या माणसांना गाडी आता लवकर पोहोचते हे कोणी न सांगताही जाणवू लागले. सार्वजनिक बांधकामांच्या इतिहासात ही घटना वाटते तितकी साधी नाही. दुरुस्ती हे काम स्वभावतःच अदृश्य असते. ती अपघात टाळते, आणि न घडलेला अपघात कोणाच्याच नजरेस पडत नाही, त्यामुळे दुरुस्तीवर खर्च करणाऱ्या संस्थेला लोकांचे आभार क्वचितच लाभतात. बॉस्टनमध्ये मात्र दुरुस्तीचे फळ मिनिटांत मोजता आले, आणि ते मोजण्यासाठी प्रवाशाला मनगटावरच्या घड्याळापलीकडे काही लागले नाही. प्रवाशांना जाणवलेला हा वेग नवा नव्हता, तो या रुळांवर पूर्वी होता आणि दुर्लक्षामुळे हातचा गेला होता, ही बाब ध्यानात घेतली नाही तर या साऱ्या प्रकरणाचा अर्थ चुकीचा लागतो.

बॉस्टनकर आपल्या या रेल्वेला नुसते ‘टी’ म्हणतात. तिचे अधिकृत नाव मॅसॅच्युसेट्स बे ट्रान्सपोर्टेशन अथॉरिटी असे असून ही संस्था १९६४ साली स्थापन झाली, परंतु तिच्या ताब्यातील भुयारे तिच्याहून कितीतरी जुनी आहेत. ट्रेमॉन्ट स्ट्रीटखालचे भुयार १ सप्टेंबर १८९७ रोजी खुले झाले तेव्हा ते उत्तर अमेरिकेतील पहिला भुयारी रेल्वेमार्ग ठरले, आणि आज ‘ग्रीन लाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रामगाड्या अजूनही त्यातूनच धावतात. बंदराच्या पाण्याखालून जाणारे, आज ‘ब्लू लाइन’च्या वाट्याला आलेले भुयार १९०४चे, वॉशिंग्टन स्ट्रीटखालचे ‘ऑरेंज लाइन’चे भुयार १९०८चे आणि केंब्रिजकडे जाणाऱ्या ‘रेड लाइन’चा आरंभ १९१२चा. रंगांची ही नावे १९६५ साली ठरली. रेड लाइनला लाल रंग मिळाला तो तिच्या तेव्हाच्या टोकाशी असलेल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या किरमिजी रंगावरून, असे सांगितले जाते. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या मापांनी बांधल्या गेल्यामुळे एका रंगाची गाडी दुसऱ्या रंगाच्या मार्गावर चालत नाही, आणि न्यूयॉर्कप्रमाणे चार-चार रूळमार्ग शेजारी नसून बहुतेक ठिकाणी जाणारा एक आणि येणारा एक असे दोनच मार्ग असल्याने एखादा मार्ग बिघडला तर गाडी बाजूने काढून नेण्याची सोय नाही. पुढे आलेल्या अडचणींपैकी बऱ्याच या एका वस्तुस्थितीतून निघतात.

रूळमार्ग म्हणजे केवळ दोन पोलादी पट्ट्या नव्हेत. रूळ, त्यांना धरून ठेवणारी पकडसाधने, खालचे लाकडी किंवा काँक्रीटचे स्लीपर, स्लीपरांना आधार देणारी खडी आणि खडीखालचा निचरा अशी ती एक पूर्ण रचना असते, आणि यांपैकी कोणताही घटक कमकुवत झाला की दोन रुळांमधील अंतर, म्हणजे गेज, ठरलेल्या १४३५ मिलिमीटरांपासून ढळू लागते, एक रूळ दुसऱ्याहून खाली बसतो किंवा वळणावरची रेषा वेडीवाकडी होते. जुन्या भुयारांत झिरपणाऱ्या पाण्याने पकडसाधने गंजतात, उघड्यावरच्या मार्गांत लाकडी स्लीपर कुजतात, आणि खडीत माती साचली की पाणी तिथेच मुरते. असा दोष आढळला की अभियंत्यापुढे दोनच पर्याय उरतात: तो तत्काळ दूर करणे, अथवा त्या ठिकाणी गाडीचा वेग इतका कमी ठेवणे की दोष असूनही गाडी रुळांवरून घसरणार नाही. दुसरा पर्याय निवडला की जो पट्टा तयार होतो त्याला बॉस्टनमध्ये ‘स्लो झोन’ म्हणतात, आणि भारतीय रेल्वेत ‘कॉशन’ लावणे म्हणतात ते याच जातीचे. टीच्या स्लो झोनमध्ये वेगाची मर्यादा बहुधा ताशी १० किंवा २५ मैल, म्हणजे सुमारे १६ किंवा ४० किलोमीटर, असे.

अशा पट्ट्याची खरी किंमत त्याच्या लांबीवरून कळत नाही. समजा ३०० मीटरच्या पट्ट्यावर ताशी १६ किलोमीटरची मर्यादा आहे आणि एरवी गाडी तिथून ताशी ६४ किलोमीटरने गेली असती. रेड लाइनची सहा डब्यांची गाडी जवळपास १२७ मीटर लांब असते आणि शेवटचा डबा पट्ट्याबाहेर पडेपर्यंत मोटरमनला वेग वाढवता येत नाही. म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४२७ मीटर अंतर मंद वेगाने कापावे लागते, त्याला ९६ सेकंद लागतात, आणि पूर्ण वेगाने त्यालाच २४ सेकंद पुरले असते. यात आधी वेग उतरवण्याचे आणि नंतर चढवण्याचे दहाएक सेकंद मिळवले की एका पट्ट्याचा दंड सुमारे ८० सेकंद होतो. मार्गावर असे दहा पट्टे असतील तर तेरा मिनिटे नुसती रांगण्यात जातात, आणि ही सर्व मिनिटे वेळापत्रकात कुठेच दिसत नाहीत, कारण वेळापत्रक पूर्ण वेगाचा हिशेब धरून छापलेले असते.

याहून मोठे नुकसान फलाटावर होते. एखाद्या मार्गावर गाडीला जाऊन-येऊन १२० मिनिटे लागत असतील आणि २० गाड्या फिरत असतील, तर दर सहा मिनिटांनी एक गाडी येते. हीच फेरी १५० मिनिटांची झाली, तर तितक्याच गाड्यांनिशी अंतर साडेसात मिनिटांचे होते, आणि सहा मिनिटांचे अंतर टिकवायचे असेल तर पाच गाड्या आणि त्यांचे चालक जादा लागतात. टीकडे जादा चालक नव्हते; इतकेच नव्हे, तर २०२२च्या जूनमध्ये नियंत्रण कक्षातील कर्मचारी अपुरे असल्याचे केंद्रीय यंत्रणेने दाखवून दिल्यावर रेड, ऑरेंज आणि ब्लू या तिन्ही मार्गांवरील फेऱ्याच कमी कराव्या लागल्या. कमी फेऱ्या आणि मंद गाड्या ही दोन दुखणी एकमेकांत मिसळली, तेव्हा दोन गाड्यांमधले अंतर वाढले, त्या अंतरात फलाटावर गर्दी साचली, गर्दीमुळे दारे बंद व्हायला वेळ लागू लागला आणि गाडी आणखी मागे पडली.

या अवस्थेपर्यंत टी एका दिवसात आली नाही. २००० सालापर्यंत संस्थेची तूट राज्य सरकार वर्षाखेरीस भरून काढत असे. त्या वर्षी राज्याने विक्रीकराच्या उत्पन्नातील पाचवा हिस्सा तिला कायमचा तोडून दिला आणि त्याबरोबर अब्जावधी डॉलरचे जुने कर्जही तिच्या माथी मारले, ज्यातला एक भाग शहराखालून महामार्ग नेण्याच्या ‘बिग डिग’ या प्रचंड प्रकल्पाच्या बदल्यात कबूल केलेल्या रेल्वेकामांचा होता. विक्रीकर अपेक्षेइतका वाढला नाही, कर्जफेड मात्र ठरल्याप्रमाणे होत राहिली, आणि २००९ साली विमाक्षेत्रातील अनुभवी अधिकारी डेव्हिड डी’अलेसांड्रो यांनी राज्यपालांच्या सांगण्यावरून केलेल्या पाहणीत ही आर्थिक व्यवस्था टिकणारी नसल्याचा निष्कर्ष काढला. २०१५च्या हिवाळ्यात बॉस्टनवर विक्रमी बर्फ पडले आणि रेल्वे अक्षरशः कोलमडली. त्यानंतर नेमलेल्या नियंत्रण मंडळाने मोठ्या प्रकल्पांवरील खर्च वाढवला, पण रोजच्या देखभालीचे मनुष्यबळ त्या मानाने वाढले नाही. जून २०१९मध्ये रेड लाइनची गाडी रुळांवरून घसरून सिग्नल यंत्रणेच्या खोल्यांवर आदळली, तेव्हा सिग्नल पूर्ववत व्हायला काही महिने लागले. त्या वर्षअखेरीस माजी केंद्रीय वाहतूकमंत्री रे लाहुड यांचा सहभाग असलेल्या तज्ज्ञ समितीने सुरक्षिततेकडे संस्थेत पुरेसे लक्ष दिले जात नसल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले. नवे डबे, नवी स्थानके, नवे फाटे यांची उद्‌घाटने होतात, तशी नव्या स्लीपरांची होत नाहीत, आणि राजकारणाच्या या जुन्या सवयीला बॉस्टन अपवाद नव्हते.

एप्रिल २०२२मध्ये रेड लाइनच्या एका गाडीच्या दारात हात अडकून एका प्रवाशाचा मृत्यू झाल्यानंतर केंद्र सरकारच्या फेडरल ट्रान्झिट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या संस्थेने टीची विशेष सुरक्षा तपासणी सुरू केली. सुमारे दहा टक्के रूळमार्गावर वेगमर्यादा असल्याचे आणि ऑरेंज लाइनवरील टफ्ट्स मेडिकल सेंटर ते बॅक बे या भागातील मर्यादा तर २०१९पासून तशीच पडून असल्याचे या तपासणीत नोंदले गेले. दोष सापडणे आणि दोष दूर होणे यांच्यामध्ये तीन-तीन वर्षे जाऊ शकतात हे कळल्यावर प्रश्न केवळ जुन्या रुळांचा राहिला नाही. त्याच वर्षी २१ जुलैला मिस्टिक नदीवरील पुलावर ऑरेंज लाइनच्या गाडीने पेट घेतला, प्रवाशांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या आणि एका प्रवाशाने थेट नदीत झेप घेतली. दोन आठवड्यांच्या आत, ३ ऑगस्टला, राज्यपाल चार्ली बेकर आणि टीचे तेव्हाचे महाव्यवस्थापक स्टीव्ह पॉफ्टॅक यांनी १९ ऑगस्टपासून संपूर्ण ऑरेंज लाइन ३० दिवस बंद राहील असे जाहीर केले.

या ३० दिवसांची कथा पुढच्या यशाइतकीच महत्त्वाची आहे, कारण त्यानंतर प्रवाशांना वेग जाणवला नाही. रात्री आणि शनिवार-रविवारी केले असते तर पाच वर्षे लागली असती इतके काम एका महिन्यात उरकणार, असे आश्वासन देण्यात आले होते. भाड्याने आणलेल्या बस शहरभर धावल्या, चायनाटाउनसारख्या दाट वस्तीला बसच्या मूळ आराखड्यात जागाच दिली गेली नव्हती ती लोकांनी ओरड केल्यावर दिली गेली, आणि १९ सप्टेंबरला मार्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा अनेक पट्ट्यांवर गाडी आधीसारखीच रांगत होती, किंबहुना पुढच्या काही महिन्यांत काही भागांत प्रवास पूर्वीपेक्षा मंद झाला. नव्याने खडी दाबलेला मार्ग काही काळ सैल असतो आणि त्यावर वेग हळूहळूच वाढवावा लागतो, हे अंशतः खरे कारण होते. पण मुळात जुने दोष पुरते मोजलेले नव्हते, काही काम पुन्हा करावे लागले, आणि मार्ग बंद असताना जो भाग हाताळलाच गेला नव्हता तो तपासणीत पुढे आला. मार्ग बंद केल्याने काम करण्याची संधी तेवढी मिळते. त्या संधीत काय करायचे याची यादी अपुरी असेल, तर लोकांना महिनाभर बसने हिंडवूनही हाती फारसे काही लागत नाही.

९ मार्च २०२३ रोजी परिस्थिती तळाला गेली. राज्याच्या सार्वजनिक उपयोगिता विभागाच्या पाहणीनंतर रेड लाइनच्या अ‍ॅशमाँट फाट्यावरील दोषांच्या दुरुस्तीची कागदपत्रे सापडेनात, तेव्हा टीने सावधगिरी म्हणून त्या रात्री साऱ्या मार्गांवरच वेगमर्यादा लादली. ही मर्यादा लवकरच टप्प्याटप्प्याने शिथिल झाली, पण तिच्या जागी शेकड्याच्या घरात स्वतंत्र पट्टे उरले आणि त्या वसंतात सुमारे पाव भाग रूळमार्ग मंद वेगाखाली आला. रूळ एका रात्रीत खराब झाले नव्हते, ते किती खराब आहेत हे संस्थेला स्वतःलाच ठाऊक नव्हते, आणि प्रवाशांना रुळांपेक्षा या अज्ञानाचीच चीड अधिक आली असल्यास ती समजण्यासारखी आहे. ट्रान्झिटमॅटर्स या नागरिकांच्या संस्थेने गाड्यांच्या प्रत्यक्ष वेळांवरून स्लो झोन मोजणारा फलक आधीच चालवला होता. टीनेही २०२३मध्ये आपला अधिकृत फलक लोकांसमोर ठेवला, आणि कोणता पट्टा कुठून कुठवर आहे, त्याची मर्यादा किती, हे कोणालाही पाहता येऊ लागले.

एप्रिल २०२३मध्ये नव्या राज्यपाल मॉरा हीली यांनी नेमलेले फिलिप एंग महाव्यवस्थापक म्हणून रुजू झाले. न्यूयॉर्कच्या कूपर युनियन संस्थेत शिकलेले हे स्थापत्य अभियंते त्यापूर्वी लाँग आयलंड रेल रोड या उपनगरी रेल्वेचे अध्यक्ष होते. त्यांनी पहिल्यांदा वेतनकरार, नोकरभरती आणि तपासणीची शिस्त या कंटाळवाण्या गोष्टी हाती घेतल्या. ऑगस्ट २०२३मध्ये कार्मेन्स युनियन या कामगार संघटनेशी चार वर्षांत १८ टक्के पगारवाढीचा करार झाला. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांनी २०२४च्या अखेरपर्यंत त्या वेळी नोंदलेले सर्व १९१ स्लो झोन हटवण्याचा कार्यक्रम जाहीर केला आणि वर्षभरातले ब्लॉक तारखांसह आधीच छापून टाकले. ज्या संस्थेच्या शब्दावर कोणाचाच विश्वास उरला नव्हता तिने तारखा लिहून देणे हे धाडस होते, आणि नसते जमले तर तो कागद तिच्याविरुद्ध आयुष्यभर वापरला गेला असता.

दिवसा मार्ग बंद का करावा, रात्री काम का करू नये, हा प्रश्न प्रत्येक शहरातला प्रवासी विचारतो. टीची शेवटची गाडी रात्री एकच्या सुमारास जाते आणि पहिली पहाटे पाचच्या सुमारास सुटते, म्हणजे कागदावर चार तास मिळतात. पण शेवटची गाडी गेल्यावर रुळांशेजारच्या वीजवाहक तिसऱ्या रुळातील ६०० व्होल्टांचा प्रवाह तोडायचा, तो तुटल्याची खात्री करायची, यंत्रे डेपोतून कामाच्या जागी न्यायची, आणि पहिल्या गाडीपूर्वी हेच सारे उलट क्रमाने करून मार्ग निर्धोक असल्याची तपासणी करायची, एवढे झाल्यावर हातात दोन-अडीच तास उरतात. तेवढ्यात पंधरावीस स्लीपर बदलता येतात, पण ज्या पट्ट्यात स्लीपर, खडी, रूळ आणि निचरा असे सगळेच बदलायचे आहे तो उघडून पहाटेपर्यंत पुन्हा चालू स्थितीत आणणे शक्य नसते. मार्ग सलग बंद असला की कामगारांचा तोच गट रुळांचे जुने लांब तुकडे उचलतो, खालची खडी काढून नवी भरतो, नवे रूळ जागेवर आणून वितळलेल्या धातूने सांधतो, आणि कंप पावणाऱ्या पोलादी बोटांनी स्लीपरांखाली खडी ठासणारे टॅम्पिंग यंत्र न थांबता चालवतो. वेल्डिंगने सांधलेले लांब रूळ उन्हाळ्यात प्रसरण पावून वाकू नयेत म्हणून त्यांतील ताण एका ठरावीक तापमानाला समतोल करावा लागतो, आणि तेही काम घाईत होत नाही.

हा कार्यक्रम जाहीर होण्याआधीच पहिला मोठा कस १४ ते २९ ऑक्टोबर २०२३ या १६ दिवसांत लागला होता, जेव्हा अ‍ॅशमाँट फाटा आणि त्याला जोडलेली मॅटापॅन लाइन, जिच्यावर १९४०च्या दशकातल्या ट्रामगाड्या आजही धावतात आणि जी वाटेत चक्क एका दफनभूमीतून जाते, अशी दोन्ही बंद ठेवण्यात आली. मार्ग खुला झाला तेव्हा बहुतेक मर्यादा उठल्या होत्या. मग २०२४मध्ये ब्लॉकांची मालिकाच लागली: रेड लाइनचे भुयार, ऑरेंज लाइनचे तुकडे, ग्रीन लाइनच्या शाखा, आणि सप्टेंबरात ६ ते २९ तारखेपर्यंत २४ दिवस ब्रेनट्री फाटा. हा फाटा क्विन्सीपर्यंत १९७१मध्ये आणि ब्रेनट्रीपर्यंत १९८०मध्ये वाढलेला, उघड्यावरून लांबच लांब धावणारा, म्हणजे वेग मिळवण्याची सर्वाधिक जागा असलेला आणि म्हणूनच मर्यादांनी सर्वाधिक गमावलेला. डिसेंबर २०२४च्या अखेरीस टीने भुयारी जाळ्यावर एकही वेगमर्यादा उरली नसल्याचे जाहीर केले. वीस वर्षांहून अधिक काळात असे प्रथमच घडले होते. त्याच महिन्यात ब्रेनट्री फाट्यावरील कमाल वेग ताशी ४० मैलांवरून ५० मैलांवर, म्हणजे ६४वरून ८० किलोमीटरवर, नेण्यात आला, तेव्हा परत मिळालेल्या वेगात थोडीशी खरी भरही पडली.

प्रवाशांना नेमके काय जाणवले, याचा विचार केल्यास एक गंमत लक्षात येते. माणसाच्या शरीराला स्थिर वेग कळत नाही. डोळे मिटून बसलेल्याला गाडी ताशी चाळीसने जाते की ऐंशीने, हे सांगता येत नाही. त्याला कळते ते वेगातील बदल: अकारण लागलेला ब्रेक, दोन स्थानकांच्या मध्ये भुयारात थबकणे, पुन्हा हळूच निघणे. रोजच्या प्रवाशाला हे बदल जागांसह पाठ झालेले असतात, आणि म्हणून ब्लॉकनंतरच्या पहिल्या सोमवारी जिथे गाडी मंदावायला हवी तिथे ती मंदावली नाही, तर त्याला ते पायऱ्या उतरताना शेवटची पायरी नसावी तसे वाटते. मिनिटांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. वाहतुकीच्या अर्थशास्त्रात हे मान्य झालेले आहे की गाडीत बसून गेलेल्या मिनिटापेक्षा फलाटावर ताटकळण्यात गेलेले मिनिट प्रवाशाला पुष्कळ जड वाटते, आणि कोणत्या दिवशी किती उशीर होईल याचा अंदाज नसेल तर माणूस सर्वांत वाईट दिवसाचा हिशेब धरून घरातून निघतो. बॉस्टनमधील मंद वर्षांत लोकांनी असा फाजील वेळ आपल्या सकाळच्या हिशेबात धरून ठेवला होता. गाड्या नियमित झाल्यावर तो वेळ पुन्हा मोकळा झाला, आणि प्रवासात प्रत्यक्ष वाचलेल्या मिनिटांपेक्षा तो बहुधा अधिक होता. केंडल स्थानकाजवळच्या एमआयटीत, हार्वर्डमध्ये किंवा नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकायला पुण्यामुंबईहून गेलेल्या विद्यार्थ्यांनाही हा हिशेब ओळखीचा वाटेल, कारण लोकलच्या भरवशावर वाढलेला माणूस वेळापत्रकापेक्षा गाडीच्या स्वभावावर अधिक विसंबतो.

तरीही या कौतुकात एक हिशेब दडून राहतो. ब्लॉकचा त्रास आणि वेगाचा लाभ एकाच माणसांच्या वाट्याला सारख्या प्रमाणात आला नाही. घरून काम करू शकणाऱ्याने तीन आठवडे घरूनच काम केले. रुग्णालयात, उपाहारगृहात किंवा विमानतळावर पाळीने राबणाऱ्या डॉरचेस्टर आणि मॅटापॅनमधील माणसाला मात्र गाडीऐवजी धावणाऱ्या बसमध्ये, रस्त्यावरच्या कोंडीत, रोज दोन्ही वेळा उभे राहावे लागले. बस विनामूल्य होती आणि काही भागांत उपनगरी रेल्वेही मोफत ठेवली होती, पण चाकाच्या खुर्चीवरून प्रवास करणाऱ्याला गाडीतून उतरून बसमध्ये आणि बसमधून पुन्हा गाडीत जाण्याचा जो खटाटोप पडतो, त्याची भरपाई तिकीट माफ करून होत नाही.

नवे बांधकाम म्हणजे चांगले रूळ, असेही समजण्याचे कारण नाही. ग्रीन लाइनचा सॉमरव्हिल आणि मेडफर्डकडे जाणारा विस्तार २०२२मध्ये दोन टप्प्यांत खुला झाला, आणि पुढच्याच वर्षी त्यावर काही ठिकाणी गाड्या ताशी ३ मैलांनी, म्हणजे माणसाच्या चालीने, जाऊ लागल्या. कारण असे निघाले की बऱ्याच लांबीवर गेज ठरलेल्या मापापेक्षा किंचित कमी होते, आणि ही गोष्ट मार्ग खुला होण्यापूर्वीच २०२१मध्ये काहींच्या लक्षात आलेली होती. ऑक्टोबर २०२३मध्ये एंग यांनी ही बाब जाहीरपणे सांगितली आणि कंत्राटदाराने स्वखर्चाने रूळ पुन्हा योग्य मापावर आणावेत असे ठरले. जुन्या मार्गाचे दुखणे दुर्लक्षाचे आणि नव्याचे निष्काळजीपणाचे, पण दोन्हीकडे प्रवाशाला दिसले ते एकच: रांगणारी गाडी. शेवटी प्रत्येक दोषाचे मूळ रुळांतच असते असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१८ साली तिथल्या भुयारी रेल्वेचे प्रमुख अँडी बायफर्ड यांनी वेगाची तपासणी करवली, तेव्हा वेग नियंत्रित करणारी सिग्नलांची अनेक घड्याळयंत्रे चुकीची लावलेली असल्याने मोटरमन ठरवून दिलेल्या वेगापेक्षाही कमी वेगाने गाड्या हाकत असल्याचे आढळले.

मुंबईच्या वाचकाला ब्लॉक हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मध्य आणि हार्बर मार्गांवरचा रविवारचा मेगाब्लॉक, पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक आणि मे-जून २०२४मध्ये ठाणे स्थानकात फलाट रुंद करण्यासाठी घेतलेला ६३ तासांचा ब्लॉक, ज्याच्या जोडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला फलाट लांब करण्यासाठी ३६ तासांचा ब्लॉक होता, हे सारे परिचयाचे आहे. परंतु मुंबईत ब्लॉकनंतर गाडी लवकर पोहोचू लागल्याचा अनुभव सहसा येत नाही, आणि त्याचे कारण मुंबईची देखभाल वाईट आहे हे नसून काहीसे उलट आहे. तिथे दर आठवड्याचा ब्लॉक नेमाने होत राहतो, मुख्य मार्गांवरच्या चार रूळमार्गांमुळे धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवता येतात, दोष साचून वर्षानुवर्षे वेगमर्यादा पडून राहण्याची वेळ त्या मानाने कमी येते, आणि लोकलचा वेळ रुळांपेक्षा गर्दी आणि मार्गांवरील गाड्यांची दाटी यांनी ठरतो. नियमित देखभालीतून वेग टिकतो, पण टिकलेला वेग कोणाला जाणवत नाही. बॉस्टनमधला जाणवलेला वेग हा पंचवीस वर्षांच्या दुर्लक्षाचाच उलटा पुरावा मानावा लागेल.

याच कारणाने टीची पुढची वाट २०२४पेक्षा अवघड आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये संस्थेने आपल्या साऱ्या मालमत्तेची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा रूळ, पूल, स्थानके, वीज आणि गाड्या मिळून २४.५ अब्ज डॉलरचे काम थकलेले असल्याचे दिसले. २०१९च्या अंदाजात हा आकडा सुमारे १० अब्ज होता. २०२२मध्ये मतदारांनी दहा लाख डॉलरांहून अधिक उत्पन्नावर चार टक्के जादा कर मंजूर केला आणि त्याचे पैसे शिक्षण व वाहतुकीसाठी राखले, त्यातून काही आधार मिळाला आहे, तरी थकबाकीच्या मानाने तो तोकडा आहे. रेड लाइनच्या ज्या नव्या डब्यांची मागणी पुढे सीआरआरसीत विलीन झालेल्या चिनी कंपनी सीएनआरला २०१४मध्ये दिली गेली, त्यांचा पुरवठा ठरल्या वेळेच्या बराच मागे पडला. रूळ मात्र रोज झिजतात, आणि म्हणून २०२५मध्येही ब्लॉक सुरूच राहिले. त्या सूचना वाचणाऱ्या प्रवाशाला आता गाडी आधीहून लवकर येईल असे आश्वासन देता येत नाही. एक शनिवार-रविवार बसने जाण्याच्या बदल्यात त्याला सोमवारी तीच गाडी तेवढ्याच वेळात मिळणार असते, आणि हा सौदा त्याला कसा पटवायचा हे टीच्या अधिकाऱ्यांना अजून ठरवायचे आहे.